'डाइन आउट' कुठे म्हणायचं, कुठे नाही

इंदुरात रात्री सराफ्यात, म्हणजे तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभ्याने भुट्ट्याचा कीस खाल्लात, तर त्याला 'डाइन आउट' म्हणू नका. त्यात बैठकीचं, जरा थाटाचं जेवण येतं, बहुधा रात्रीचं. सराफा किंवा छप्पन दुकान या तिथल्याच खाऊगल्लीसाठी साधं 'ईट आउट' पुरे.

सगळ्यात जास्त घोळ 'आउटसाइड'ने होतो. 'वी एट आउटसाइड' म्हणजे उघड्यावर, अंगणात जेवलो. ते घरचं अंगणही असू शकतं. हॉटेलात जेवलो असाल तर 'वी एट आउट लास्ट नाइट'. 'आउट'पुढे पदार्थ थेट जोडायचा नाही: 'वी एट आउट पोहे' चूकच. जागेआधी 'ॲट' लावा: 'वी एट आउट ॲट सराफा'.

'ईट इन' म्हणजे घरीच जेवणं. पण लंडनच्या कॅफेत काउंटरवर 'ईट इन ऑर टेक अवे?' विचारलं, तर इथेच बसून खाणार की बांधून देऊ, एवढंच. आपल्याकडच्या पाट्यांवरचं 'डाइन-इन' तेच.

'डाइन आउट ऑन' मात्र वेगळंच प्रकरण, जेवण त्यात नावालाच. एखादा किस्सा चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगून भाव खाणं: 'ही स्टिल डाइन्स आउट ऑन दॅट स्टोरी'. सूर किंचित खोचक असतो, तेव्हा साहेबांबद्दल जपून.