नव्याने बांधलेला पाण्याचा पंप: इंजिन सुरू करण्याआधीची तयारी

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै या दिवसांत, ससून डॉक किंवा वर्सोव्याला उभ्या असलेल्या बोटींच्या इंजिनांची कामे निघतात आणि त्यांतच इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारा पंपही उघडला जातो. बांधून (दुरुस्त करून पुन्हा जोडून) आलेल्या पंपाची चाचणी भरतीला घ्यावी. ओहोटीला बोट गाळात टेकलेली असताना पंप पाण्याबरोबर चिखलही ओढतो आणि मग दोष जोडणीचा की गाळाचा, हे ठरवता येत नाही. जादा इंपेलर (पंपातले रबरी पात्यांचे चाक), होजच्या क्लिपा, ग्लिसरीन, टॉर्च आणि बादली हाताशी असावी.

सर्वांत आधी जुना इंपेलर मेकॅनिककडून मागून घ्यावा. भंगारात त्याला किंमत नाही, पण त्याची पाती मोजली की किती तुकडे तुटून पुढे गेले ते कळते. ते बहुधा हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) तोंडाशी किंवा वाटेतल्या एल्बोत (नळीच्या वळणात) अडकलेले असतात; ते काढल्याशिवाय नवा पंप कितीही चांगला असला तरी इंजिन तापणारच.

त्यानंतर कव्हर उघडून आतले पाहावे. रबरी पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असावीत, आणि शाफ्टवरची चावी (इंपेलरला शाफ्टशी जखडणारा छोटा धातूचा तुकडा) जागेवर असावी, कारण ती राहून गेली तर शाफ्ट फिरतो व इंपेलर तसाच राहतो. पाती कॅमवरून (पंपाच्या आतल्या भिंतीवरच्या उंचवट्यावरून) सुटून पसरतात तेव्हा जागा वाढून पाणी ओढले जाते. म्हणून कव्हरखालच्या मूळ गास्केटऐवजी (पातळ पट्टीऐवजी) हाताने कापलेला जाड कागद बसवला असेल, तर कव्हर आणि पात्यांमध्ये फट राहून ओढ जाते. माझ्या मते पंप बांधल्यानंतरची ही सर्वांत दुर्लक्षित चूक आहे. कव्हरच्या आतल्या बाजूला खोल चरे असतील तर तेही बदलावे. पात्यांना ग्लिसरीन लावावे. डिझेल किंवा ग्रीस लावल्यास पात्यांचे निओप्रीन रबर फुगते.

पंप निर्दोष असूनही पाणी येत नसेल, तर हवा कुठून शिरते ते शोधावे: गाळणीच्या झाकणाचा रबर, सैल क्लिप, आतून सुटलेला होज. आत येणारा आणि बाहेर जाणारा होज उलटे जोडले गेले नाहीत ना, हेही पाहावे. ओढीचा होज पाण्याने भरून घ्यावा आणि सी-कॉक (समुद्राचे पाणी बोटीत घेणारी झडप) उघडल्याची खात्री स्वतः करावी. शंका राहिलीच, तर त्या होजचे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून इंजिन मंद गतीवर चालवावे; बादलीतले पाणी ओढले गेले, तर दोष पंपाच्या अलीकडे, सी-कॉक आणि गाळणीच्या बाजूला आहे.

एक्झॉस्टमधून अर्ध्या मिनिटात पाणी पडले नाही तर इंजिन लगेच बंद करावे, कारण कोरडा फिरलेला नवा इंपेलर फार लवकर जळतो. पाणी येऊ लागल्यावर पंपाच्या पोटाखालचे छोटे छिद्र टॉर्चने पाहावे: तेथून पाणी ठिबकले तर पाण्याचे सील, आणि तेल ठिबकले तर तेलाचे सील पुन्हा बसवावे लागेल.