पॉइंट टू-टू रायफलसाठी नळीची लांबी कशी निवडावी

स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून) प्रकारात कांस्यपदक मिळवले. एअर रायफलवर हात बसलेल्या सोलापुरातील मुलामुलींच्या घरी ‘आता पॉइंट टू-टू घ्यायची का’, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाची रायफल घ्यायची का, हा विषय निघतो, तेव्हा हे नाव हमखास घेतले जाते. मग रायफलची कंपनी, किंमत आणि दस्ता यांवर पुष्कळ चर्चा होते. नळीची लांबी मात्र माहितीपत्रकातील एक आकडा म्हणून नजरेखालून जाते. वास्तविक ही लांबी खरेदीपूर्वीच पक्की करावी लागते, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार त्यासाठीचा परवाना असल्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. ‘आधी लांब घेऊ, मग कापून घेऊ’ हा विचार त्यामुळे मनातही आणू नये.

सर्वप्रथम वेगाविषयीचा समज तपासावा. मोठ्या कॅलिबरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलमध्ये नळी लांब असली की गोळीला अधिक वेग मिळतो, आणि तोच नियम अनेक जण पॉइंट टू-टूला लावतात. १८८७ मध्ये बाजारात आलेल्या पॉइंट टू-टू लाँग रायफल या काडतुसात साधारण २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी आणि अगदी थोडी दारू असते. ती दारू नळीच्या सुरुवातीच्या भागातच जळून जाते आणि गोळी जसजशी पुढे सरकते तसतसा वायूचा दाब उतरत जातो. सुमारे ४० ते ४८ सेंटिमीटरपर्यंत वेग वाढतो. त्यापुढे नळीचे घर्षण आणि उरलेला दाब एकमेकांना जवळपास पुरे पडतात, आणि ६६ सेंटिमीटरच्या नळीतून निघालेली गोळी कधी कधी किंचित मंदच असते. सामन्यासाठीची काडतुसे सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाची असतात. हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या सकाळी आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो आणि सोलापूरच्या मे महिन्यातल्या ४० अंशांत तो ३५५ च्या आसपास जातो, म्हणजे अशी गोळी आपल्याकडे बाराही महिने आवाजापेक्षा मंदच राहते आणि आवाजाच्या वेगाजवळून जाताना बसणाऱ्या धक्क्यातून वाचते. तेव्हा वेग वाढवण्यासाठी लांब नळी घेण्यात काही अर्थ नाही.

अचूकतेचेही बरेचसे असेच आहे. एकाच जाडीच्या दोन नळ्यांपैकी आखूड नळी अधिक ताठ असते. टोकाशी तेवढाच भार दिला तर ६६ सेंटिमीटरची नळी ५१ सेंटिमीटरच्या नळीच्या दुपटीहून थोडी अधिक वाकते. परंतु सामन्याच्या रायफलींच्या नळ्या मुळातच जाड असल्याने ५० मीटरवरील कागदावर हा फरक सहसा वेगळा दाखवता येत नाही. नळीचा आतला पृष्ठभाग, तिच्या तोंडाची कड आणि त्या नळीला मानवणारा काडतुसांचा लॉट (एकाच वेळी तयार झालेली खेप) यांचा परिणाम कितीतरी मोठा असतो.

लांबीचा खरा परिणाम दोन ठिकाणी होतो: नेम धरण्याच्या साधनांतील अंतरात आणि रायफलच्या तोलात.

मागची छिद्राची साइट आणि पुढची माशी यांच्यातील अंतर जितके मोठे, तितकी डोळ्याची चूक लक्ष्यावर लहान होऊन उतरते. हे अंतर ८० सेंटिमीटर असताना माशी एक दशांश मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सव्वासहा मिलिमीटर सरकते. हेच अंतर ६० सेंटिमीटर असेल तर सव्वाआठ मिलिमीटरहून अधिक. या लक्ष्यावर एका वर्तुळापासून दुसरे वर्तुळ ८ मिलिमीटरवर असते, यावरून एका गुणाचा हिशोब सहज ध्यानात येईल. मात्र हे अंतर मिळवण्यासाठी पूर्ण पोलादी नळीच लांब असावी लागते असे नाही. आखूड नळीच्या तोंडावर हलकी पोकळ ट्यूब बसवून तिच्यावर माशी ठेवता येते आणि ५० मीटरच्या सामन्यांत तशी ट्यूब चालते. जुन्या धाटणीच्या रायफलींवर ६६ ते ६९ सेंटिमीटरच्या नळ्या सर्रास दिसतात. पुष्कळ नव्या रायफली त्याहून आखूड नळी आणि ट्यूब अशा जोडीने येतात. माझ्या मते वाढत्या वयाच्या खेळाडूसाठी ही जोडीच अधिक शहाणपणाची आहे, कारण ट्यूब बदलता येते, नळी नाही.

आता तोल. थोडा हिशोब करावा: २२ मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळीचे प्रत्येक १० सेंटिमीटर सुमारे २८० ग्रॅम भरतात. हे वजन दस्त्यात वाढले असते तर फारसे जाणवले नसते. पण ते हातापासून सर्वांत दूर, थेट टोकाला वाढते. उभ्या स्थितीत पुढे असे थोडे वजन हवेच असते, कारण त्यामुळे नळीची थरथर मंदावते आणि वाऱ्याच्या झुळकेने ती पटकन ढळत नाही. सोलापूरच्या उघड्या माळावर दुपारी वारा सुटला की याचा प्रत्यय येतो. पण हेच वजन शरीराला झेपेनासे झाले की खेळाडू कंबर पुढे काढून मागे रेलतो, पाठीच्या खालच्या भागावर ताण येतो आणि अखेरच्या दहा गोळ्यांत नेम खाली उतरू लागतो. नियमाने रायफल ८ किलोपर्यंत चालते. त्यावरून ८ किलो घ्यावी असे मात्र ठरत नाही.

यासाठी खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य करावी. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) उघडा ठेवून, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची खात्री करून आणि ते रिकामे असल्याचे दाखवणारा सेफ्टी फ्लॅग लावून रेंजवरील रायफल उभ्या स्थितीत धरावी. प्रथम ती जशी आहे तशी धरावी. नंतर नळीच्या पुढच्या भागावर २५० ते ३०० ग्रॅमचे बॅरल वेट बसवून पुन्हा धरावी. नळी दहा सेंटिमीटरने लांब झाली तर काय वाटेल याचा हा जवळचा अंदाज असतो. ताज्या दमाने दोन-चार वेळा धरून निर्णय घेऊ नये; सराव संपत आल्यावर, खांदे थकलेले असताना हीच चाचणी पुन्हा करावी, कारण सामन्याचा निकालही थकलेल्या खांद्यांवरच ठरतो. माशी आपोआप बुडू लागली की नळी पुढून जड आहे असे समजावे. उलट माशी आडवी भिरभिरत असेल आणि वजन लावल्यावर शांत होत असेल, तर पुढे वजन हवे आहे. पण ते बॅरल वेटनेही मिळते.

गोळी आखूड नळीतून लवकर बाहेर पडते म्हणून हात हलण्याचा धोका कमी, असेही सांगितले जाते. ते खरे आहे, पण ५० आणि ६६ सेंटिमीटरमधील फरक जेमतेम अर्ध्या सहस्रांश सेकंदाचा आहे. त्यासाठी तोल बिघडवू नये.

परदेशी लिखाणात ४१ सेंटिमीटरच्या नळीची फार शिफारस आढळते. झाडीतून हिंडताना ती अडकत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचे माळढोक आणि काळवीट हे जपण्याचेच धन आहे. लक्ष्यावर नेम धरणाऱ्याला या सोयीचा उपयोग नाही.

एकंदरीत, थ्री पोझिशनची तयारी करणाऱ्या सडपातळ किंवा कमी उंचीच्या खेळाडूने ५० ते ५६ सेंटिमीटरची नळी आणि वर ट्यूब घ्यावी. उंच, भरदार खेळाडूला आणि मुख्यतः प्रोन म्हणजे पालथे पडून नेम धरणाऱ्याला ६५ सेंटिमीटरच्या आसपासची नळी सोसते, कारण प्रोनमध्ये बराचसा भार स्लिंग (दंडाला अडकवलेला पट्टा) आणि कोपर घेतात. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागलेल्यांनी माशी शक्य तितकी दूर राहील अशी मांडणी पाहावी. दुर्बीण लावून टेबलावरून नेम धरणार असाल तर साइटमधील अंतराचा मुद्दाच उरत नाही आणि ५१ सेंटिमीटरची जाड नळी पुरेशी ठरते.

रायफल ताब्यात घेताना माहितीपत्रकातील लांबी ट्यूबसह दिली आहे की ट्यूबविना, हे विचारून घ्यावे. शंका असल्यास रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट बंद करावा, तोंडातून लाकडी काठी अलगद आत सोडावी आणि बोल्टला टेकल्यावर खूण करून मोजावे. नळीची लांबी ती हीच. सफाईचा गज एकसंध आणि या मापाहून बराच लांब घ्यावा, कारण तो बोल्टच्या बाजूनेच आत घालायचा असतो. तोंडाकडून घातलेल्या गजाने तिथली कड घासली जाते, आणि मग नळी कितीही विचाराने निवडलेली असली तरी गोळ्या एकत्र पडत नाहीत.