आयईएलटीएस झाली, व्हिसा आला. आता इंग्रजीची तयारी सुरू करा

रविवारी सकाळी आमच्या सांगलीच्या घरी पाच-सहा मुलं येतात. सगळी सप्टेंबरात एमएस्सीसाठी इंग्लंड-स्कॉटलंडला निघालेली, बहुतेक मराठी नाहीतर सेमी-इंग्रजी शाळेतली. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ६.५ मिळालेत, म्हणजे इंग्रजीचं काम झालं, असं घरच्यांना वाटत असतं. त्या परीक्षेतला मोठा निबंध २५० शब्दांचा, एकही पुस्तक न उघडता लिहायचा. तिथे गेल्यावर पहिल्याच सत्रात दोन-तीन हजार शब्दांचे निबंध येतात आणि त्यातलं प्रत्येक विधान कुठून घेतलं ते दाखवावं लागतं. त्यात ही पदवी बहुधा एकाच वर्षाची. तिथे जाऊन शिकू म्हणायला वेळच उरत नाही. जून ते ऑगस्ट हे तीन महिने त्यासाठी वापरा.

पहिलं काम ऐकण्याचं. लंडनचं ग्रेशम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी मोफत व्याख्यानं देत आलंय आणि आता ती ऑनलाइनही ऐकता येतात. आपल्या विषयाजवळचं एक निवडा. सबटायटल बंद, हातात पेन, फक्त दहा मिनिटं. मग थांबवून वक्त्याचं म्हणणं काय होतं ते मराठीत दोन मिनिटं मोठ्याने सांगा आणि लगेच तेच इंग्रजीत. मराठीत सांगताना अडखळलात, तर मुद्दाच निसटलाय, शब्द नव्हे. ते दहा मिनिटांचं पुन्हा ऐका. ‘हाउएव्हर’, ‘दॅट सेड’ असं आलं की कान टवकारा. वक्ता तिथे वळण घेतो आणि स्वतःचं मत बहुतेक वेळा त्या वळणानंतरच सांगतो.

शब्दांसाठी जाडजूड कोश पाठ करू नका. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुळांची, म्हणजे एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. रोज दहा घेतली तर ५७ दिवसांत यादी पुरी होते. शब्द नेहमी पूर्ण वाक्यासकट वहीत उतरवा, कारण चूक वापरात होते. ‘एव्हिडन्सेस’ आणि ‘रिसर्चेस’ हे आपल्याकडचे दोन हट्टी अनेकवचनी शब्द मी दरवर्षी खोडते.

आता लिहिणं. यावर मी या तीन महिन्यांतला अर्धा वेळ घालवते, आणि त्याला कारण आहे. उत्तर इंग्लंडात शिकत असताना माझा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यातल्या अर्ध्याअधिक ओळी पिवळ्या केलेल्या होत्या. बारावीपर्यंत पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी उतरवली की पूर्ण गुण मिळत; तिथेही मी तेच केलं होतं, चार-दोन शब्द बदलून. वाङ्मयचौर्याबद्दल बोलावणं आलं. चोरी हा शब्द आपल्या अभ्यासाला लागतो तेव्हा काय वाटतं ते मला माहीत आहे, आणि ते माझ्या एकाही मुलावर येऊ नये यासाठी मी हा वर्ग घेते.

पद्धत अशी. एक परिच्छेद दोनदा वाचा आणि लॅपटॉप मिटा. आईला समजावता तसं मराठीत सांगा. मग त्या बोलण्यावरून इंग्रजीत लिहा. मूळ वाक्य मराठीतून जाताना आपोआप मोडतं; उरतो तो अर्थ, आणि तो तुमच्या वाक्यात बसतो. मग मूळ उघडून आकडे ताडून बघा आणि लेखकाचं नाव, वर्ष त्याच क्षणी लिहा. रात्री टाकू म्हणाल तर राहून जाईल. शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचा आहे, म्हणून उल्लेख हवाच. मात्र अख्खा निबंध मराठीत लिहून मशीनकडून इंग्रजी करून घेऊ नका. कुठल्या विषयात कसली मदत चालते ते प्राध्यापकांना आधीच विचारून घ्या.

मराठीतला ‘म्हणे’ आठवा. ‘तिकडे पाऊस झाला म्हणे’ असं बोलताना ही ऐकीव गोष्ट आहे, हे आपण सहज सांगून जातो. निबंधात हीच जाण लागते, फक्त कोण म्हणे, कधी म्हणे, हे लिहून. ‘ठिबक सिंचनाने उत्पन्न वाढतं’ असं ठोकून देऊ नका. कुणाच्या अभ्यासात, कुठल्या पिकात वाढलेलं दिसलं, तेवढंच म्हणा; ‘सजेस्ट्स’, ‘मे’ हे शब्द त्यासाठीच आहेत. आणि सुरुवात सुभाषिताने नको. पहिल्याच परिच्छेदात तुमचं उत्तर यायला हवं.

सेमिनारमध्ये गप्प बसणं नम्रपणाचं मानलं जात नाही. वाचून आला नाहीत असा अर्थ निघतो. आमच्या वर्गात प्रत्येकाने एकदा तरी माझं म्हणणं खोडायचं, असा नियम आहे. मोठ्यांना उलट उत्तर द्यायचं नाही हे अंगात भिनलेलं, त्यामुळे पहिल्या दोन रविवारी सगळी खाली बघतात. तिसऱ्या रविवारी कुणीतरी ‘पण मॅडम...’ म्हणतं, तेव्हा मला फार बरं वाटतं. तिथे प्राध्यापकांना नावाने हाक मारायची असते. तीही इथेच सवय करा.

गुणांचं घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. तिथे मास्टर्सला साधारण ५० ला उत्तीर्ण आणि ७० ला डिस्टिंक्शन. गेल्या वर्षी एक मुलगी ६२ मिळाले म्हणून फोनवर रडत होती. चांगला निबंध होता तो.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात लेखनसाहाय्य कुठे मिळतं ते ग्रंथालयात विचारा आणि वेळ घेऊन ठेवा. जाताना निबंधाचा प्रश्न आणि गुणांची कसोटी, दोन्ही छापून न्या.