माझा अनुभव: पाचच्या चिवड्याची तलफ
संध्याकाळी 5 वाजता चिवड्याचा डबा खुणावू लागला, की आधी एकच विचारायचं: आत्ता भाकरी-भाजी चालेल का? चालेल, तर ती भूक. जेवण 12 लाच उरकलं असेल तर लागणारच. मूठभर फुटाणे खा. चिवडाच हवा असेल, तर ती तलफ. 15 मिनिटं थांबा आणि ती कशाने उठली ते हुडका: कंटाळा, साहेबांचा फोन, की कॉलेज रोडवरून येताना नाकात शिरलेला तर्रीचा वास? बहुतेकदा ओसरते. नाहीच ओसरली, तर छोटी वाटी भरायची, डबा फडताळात ठेवायचा, मग बसून खायचं. फसतं ते डब्यातूनच बकाणे भरताना. किती गेला ते कळतच नाही. चिवडा कायमचा बंद करणं त्याहून वाईट. दिवाळीत सगळं व्याजासकट वसूल होतं.