थंड फीडवॉटर आणि गळक्या ट्यूब

अंबड एमआयडीसीतला आमचा फायर ट्यूब बॉयलर (यात गरम धूर ट्यूबमधून जातो, पाणी ट्यूबभोवती असतं) थंडीत ट्यूब प्लेटपाशी, म्हणजे ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड पत्र्यापाशी, पाझरायचा. इन्स्पेक्टरची परवानगी काढून ट्यूब एक्सपांड केल्या, म्हणजे टोकं आतून फुगवून प्लेटमध्ये घट्ट बसवल्या, तरी पुन्हा तेच. खोट ट्यूबमध्ये नव्हतीच! ७ किलो प्रेशरला आत साधारण १७० अंश, आणि पंप नाशिकच्या जानेवारीतलं गारठलेलं पाणी ढकलणार. पातळ ट्यूब पटकन आकसते, जाड प्लेट मागे राहते. सांधा ढिला होतो.

गटारात जाणारं कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं गरम पाणी, फीड टँकमध्ये (बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीत) वळवलं. पाणी ८० अंशांवर गेलं, गंज आणणारा विरघळलेला ऑक्सिजनही घटला. टाकी मात्र उंच चढवावी लागली, नाहीतर गरम पाण्याची पंपातच वाफ होऊन तो खडखडतो. सकाळी बर्नर आता आधी लो फायरवरच, म्हणजे मंद आचेवर, सगळं हळूहळू तापावं म्हणून. प्रॉडक्शनवाले कुरकुरतात, कुरकुरू देत. गळती थांबली, डिझेलही वाचतंय.