चेलोवर बाख: आधी म्हणून बघा, मग गज लावा

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात, माडीवर, माझा चेलोचा रियाज चालतो. चेलो म्हणजे गुडघ्यांमध्ये धरून गजानं वाजवायचं, मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य. खाली तबल्याचा क्लास आहे. तिथली पोरं तबल्याला हात लावायच्या आधी कायदा तोंडानं म्हणतात, ‘धाधा तिट धाधा तिना’. मी वर जर्मन संगीतकार बाखच्या जी मेजर सूटचा (नाचांच्या मालिकेचा) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, वाजवायचो आणि मला वाटायचं, बरा जमलाय. एकदा तबल्याचे सर जिना चढून आले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “सुरात आहे हो, पण वाक्य कुठं संपतं तेच कळत नाही.”

राग आला, पण खरं होतं. मी गात होतो आणि हे संगीत बोलायचं असतं.

यात थोडा दोष वाद्याचाही आहे. बाखनं चेलोचे सहा सूट १७२० च्या आसपास लिहिले. तेव्हा तारा आतड्याच्या असत, गज हलका आणि बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला. तो टोकाकडे जाताना आवाज आपसूक विरत जाई. आजचा गज अठराव्या शतकाच्या अखेरीस घडला, तोही मुठीपासून टोकापर्यंत सारखा आवाज निघावा म्हणून. त्याला स्टीलच्या तारांची जोड मिळाली की मोठा हॉल भरतो. म्हणजे आधुनिक चेलोवर काहीच न करता सोडलं, तर सगळं लांब, सलग आणि गोड वाजतं. ते मोडायचं काम आपलं. नवं वाद्य घ्यायची गरज नाही.

सुरुवात कागदापासून करा. बाखच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. त्याची पत्नी आना माग्दालेना हिची नक्कल आहे, केल्नर नावाच्या ऑर्गनवादकाची १७२६ ची आहे, आणि कुठले स्वर एका गजात जोडायचे याबद्दल या दोन प्रतींचं एकमत नाही. त्यामुळे छापील पुस्तकातले स्लर, म्हणजे स्वर जोडणाऱ्या कमानी, बहुतेकदा संपादकाचे असतात. ते देववाणी समजू नका. आना माग्दालेनाची प्रत इंटरनेटवर सहज बघायला मिळते. ती शेजारी ठेवा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक स्लरला विचारा, तू इथे का आहेस? उत्तर मिळालं नाही तर खोडा.

आता खरं काम. पहिल्या, म्हणजे जी मेजर सूटचा, प्रील्यूड ४२ बारांचा (मात्रांच्या छोट्या गटांचा) आहे, आणि शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, सोडला तर जवळजवळ अखंड सारख्याच छोट्या स्वरांचा. कागदावर एकच ओळ दिसते. आत तीन माणसं बोलतायत. ‘जी’ या स्वराला सा माना आणि पहिले चार बार म्हणून बघा. खालचा माणूस चारही बार सा धरून बसलाय, अगदी तानपुऱ्यासारखा. मधला प, ध, नी करत वरच्या सा वर पोचतो. सगळ्यात वरचा ग वरून म वर जातो, तिथेच थांबतो आणि परत ग वर येतो. तिघांना वेगवेगळं गा. लाजू नका, वाड्यात ऐकणारं कुणी नसतं, आणि असलं तरी त्यांना सवय होते.

मग गज उचला, पण सगळे स्वर वाजवू नका. आठवडाभर फक्त प्रत्येक बारचा पहिला स्वर वाजवा, पूर्ण बार लांबवून. पाचव्या बारपासून वरची माणसं सरकायला लागतात, मग तो खालचा सा ही जागा सोडतो. कुठे ताण चढतो, कुठे सुटतो, हे सगळं या खालच्या स्वरांतून कळतं. शेवटाकडे अर्ध्याअर्ध्या स्वरांनी वर चढणारी ओळ येते आणि तिच्याखाली मोकळी डी तार वाजत राहते. तो खालचा डी ऐकू आला नाही तर वरची चढण म्हणजे नुसती पळापळ. आठवड्यानंतर बाकीचे स्वर भरा. ते आपोआप हलके पडतील, कारण भार कुणी घ्यायचा ते आता ठरलेलं असतं.

गजाबद्दल तीन गोष्टी. मुठीपासून दोन-तीन बोटं वर धरून बघा, समतोल बदलतो आणि टोक हलकं होतं. दुसरं, महत्त्वाच्या मात्रेवर साधारणपणे डाऊन बो, म्हणजे मुठीकडून टोकाकडे ओढलेला गज, येऊ द्या. तेव्हाची वादकांची रीत तीच होती. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. स्वर सुरू करून सोडून द्या. दाबून शेवटपर्यंत नेऊ नका. देवळातल्या घंटेचा टोल पडतो आणि मग विरतो, त्याला कुणी ढकलत नाही. मोकळी सी तार घेऊन रोज पाच मिनिटं एवढंच करा.

प्रील्यूडनंतरचे सगळे भाग नाचांचे आहेत. प्रत्यक्ष नाचायला नसले तरी पावलं त्यांत आहेत. आलमांद चार मात्रांचा, शांत चालीचा. कुरांत तीन मात्रांचा आणि पळता. साराबांद संथ, तीन मात्रांचा, आणि त्याची गंमत ही की वजन बऱ्याचदा दुसऱ्या मात्रेवर टेकतं. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवर सम हवी असते, म्हणून आपण तिथेच आपटतो. खोलीत चालत, दुसऱ्या पावलाला रेंगाळत म्हणून बघा. शेवटच्या जीगला एवढा विचार लागत नाही, तो स्वतःच उड्या मारतो.

कॉर्ड खालून वर उलगडा. खालच्या दोन तारा मात्रेवर, मग वरच्या दोन, आणि घाई नको. ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या स्वरांची भरभर अदलाबदल, सहसा वरच्या स्वरापासून सुरू करा. व्हिब्रॅटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) मिठासारखा, बेतानं. प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांची टर व्हायोलिनशिक्षक लेओपोल्ड मोझार्टनं १७५६ मध्येच उडवली होती. प्रत्येक नाचाचे दोन्ही भाग दोनदा वाजवायचे असतात. दुसऱ्यांदा एखादी हरकत घाला, पण अस्ताई ओळखू आली पाहिजे.

ऐकायचं काय? चेलोवादकांच्या रेकॉर्डिंग ऐकाच. पण १९२१ मध्ये इथे नाशिकातच जन्मलेल्या गायक द. वि. पलुसकरांची भजनंही ऐका. शब्द किती स्पष्ट, श्वास कुठे, ओळ कुठे टेकवली. मला गजाचा उच्चार तिथून जास्त कळला.

हे सगळं पचल्यावर पाचव्या सूटचा साराबांद काढा. त्यात एकही कॉर्ड नाही. एकेकटे स्वर, आणि तरी खालची ओळ कानाला ऐकू येत राहते. आलीच नाही, तर पुन्हा ‘फक्त खालचे स्वर’ या पायरीवर या. हा सूट मुळात ए तार जी पर्यंत उतरवून वाजवायचा आहे, त्यानं चेलोचा आवाज गडद होतो. उतरवताना खुंटी हळू फिरवा. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंटी अडते, उन्हाळ्यात ती सटकते. आणि उतरवलेली तार लगेच स्थिरावत नाही, दहा-पंधरा मिनिटं सूर हलत राहतो. तेवढ्यात चहा ठेवा.