जुन्या जीपचा बोल्ट ट्रॅक्टरच्या दुकानात शोधा
जुन्या विलीज जीपचे बोल्ट इंची मापाचे. आजच्या कारच्या दुकानात ते सहसा मिळत नाहीत. जालना, लातूर, परभणीकडे जुन्या मॅसी ट्रॅक्टरचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा, यूएनएफ (बारीक इंची) आट्यांचे बोल्ट तिथं सापडू शकतात. माप सुतात सांगा: अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. घात इथंच होतो! ८ मिमीचा बोल्ट हुबेहूब तसाच दिसतो, एक-दोन आटे बसतो आणि पुढं जोर लावला की इंजिन ब्लॉकमधले आटे जातात. म्हणून जुना बोल्ट, गंजलेला का असेना, सोबत न्याच. जुन्या-नव्या बोल्टचे आटे एकमेकांत टेकवून उजेडात धरा. फट दिसली तर घेऊ नका. स्टिअरिंग-ब्रेकला बिनरेघेचा बोल्ट नकोच. रेघा मजबुती सांगतात: डोक्यावर तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे त्याहून मजबूत ग्रेड ८.